शिंग सापडलं, पण खटला उभा राहील का?

काझीरंगावरच्या आमच्या लेखानंतर गेंड्यांची शिकार आणि शिंगांची तस्करी याबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून, वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासाचे जाणकार असलेल्या आमच्या सल्लागारांनी दिलेली उत्तरं खाली देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

मारलेला गेंडा सापडला की बातमीत ‘वनविभागाने पंचनामा केला’ एवढंच येतं. त्या पंचनाम्यात असतं काय? आणि तो फसतो कुठे? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, पुणे)

बहुतेक खटले कोर्टात पडतात ते आरोपी हुशार असतो म्हणून नव्हे. पहिल्या तीन-चार तासांत घटनास्थळावर जो गोंधळ होतो, तो दोन वर्षांनी उलटतपासणीत बाहेर येतो. म्हणून पहिला नियम सगळ्यांत कंटाळवाणा आहे: थांबायचं. मृत गेंड्याकडे जायला एकच वाट ठरवायची, ती खुणांनी आखायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव व वेळ लिहायची. काझीरंगात पुरुषभर उंचीच्या गवतात गस्त अनेकदा हत्तीवरून होते. तो हत्ती थेट मृतदेहाजवळ नेला, की शिकाऱ्यांच्या बुटांचे ठसे त्याच्या पायाखाली गेलेच. हत्ती लांब उभा करून शेवटचं अंतर पायी जावं. पण त्याआधी आसपास मेलेल्या मादीचं पिल्लू किंवा दुसरा गेंडा नाही ना, याची खात्री करून घ्यावी. पुरावा महत्त्वाचा खरा, पण वनरक्षकाच्या जिवापेक्षा नाही.

मग फोटो. आधी चारही दिशांनी लांबून, मग मध्यम अंतरावरून, मग जवळून. प्रत्येक वस्तूचा एक फोटो मोजपट्टीशिवाय आणि एक मोजपट्टीसह घ्यायचा. पट्टीशिवायचा का, तर पट्टीखाली काही झाकलं होतं असं बचाव पक्षाला म्हणता येऊ नये. फोटो होईपर्यंत काहीही उचलायचं नाही. काडतुसाची पुंगळी, विडीचं थोटुक, बिस्किटाचा कागद, रिकामी पाण्याची बाटली, सगळ्याला क्रमांकाची पाटी लावायची. शिकारी टोळी पुष्कळदा रात्रभर दबा धरून बसलेली असते. त्यामुळे मृतदेहापेक्षा त्या बसण्याच्या जागेवर जास्त सापडतं. थोटकावर लाळ असते, बाटलीवर बोटांचे ठसे असतात.

जीपीएसची नोंद हा वरवर क्षुल्लक भाग. पण चूक सर्वाधिक इथेच होते. समजा यंत्रावर 26 अंश 35 मिनिटं असं दिसतंय आणि लिहिणाऱ्याने घाईत 26.35 असं लिहिलं. 35 मिनिटं म्हणजे अंशाचा 0.583 भाग, 0.35 नव्हे. फरक साधारण 26 किलोमीटरचा पडतो. काझीरंगाच्या आतली जागा कागदावर दक्षिणेला कार्बी आंगलाँगच्या डोंगरांत जाऊन बसते. बचावाचा वकील नकाशा घेऊनच उभा राहतो. आकडा कुठल्या पद्धतीतला आहे ते शेजारी लिहावं आणि यंत्राच्या पडद्याचाही फोटो घ्यावा.

मृत्यू कधी झाला याचा अंदाज डोळे, स्नायूंचा ताठरपणा, पोटाची फुगवट आणि अळ्या यांवरून बांधतात. अळ्या दिसल्या तर सर्वांत मोठ्या निवडायच्या. काही गरम पाण्यात मारून 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत ठेवायच्या आणि त्या वेळचं तापमान लिहायचं. तापमान नसेल तर अळ्यांचं वय सांगता येत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो.

गोळी शोधायला मेटल डिटेक्टर लागतो. ती हाडावर आपटून भलतीकडे वळलेली असते, त्यामुळे नुसत्या जखमेचा माग घेऊन भागत नाही. सापडली तर लोखंडी चिमट्याने धरायची नाही. बंदुकीच्या नळीने गोळीवर उमटवलेल्या रेघा हाच तिचा पुरावा, आणि चिमट्याने त्यावर नव्या रेघा उमटतात. प्लॅस्टिकचा चिमटा किंवा हातमोज्यातली बोटं वापरावीत. गोळी धुऊ नये, कागदात गुंडाळावी.

आता गेंड्याच्या मुस्कटाकडे. शिंग कुऱ्हाडीने तोडलंय की करवतीने कापलंय, किती खोल, घाव किती, हे सगळं नाकाच्या हाडावर वाचता येतं. हाडाचा तो तुकडा जपून ठेवला, तर पुढे आरोपीच्या घरी मिळालेल्या कुऱ्हाडीच्या पात्याशी खुणा ताडून पाहता येतात. शिंगाच्या बुडाला चिकटून गेलेली कातडी आणि कवटीवर उरलेली कातडी या फाटलेल्या कागदाच्या दोन तुकड्यांसारख्या जुळतात. आजूबाजूच्या गवतात शिंगाचे बारीक कपचे उडालेले असतात, तेही गोळा करायचे. गेंडा झुंजीत शिंग मोडून घेऊ शकतो. म्हणून ‘शिंग नाही, म्हणजे शिकार’ असं न लिहिता जखम कशी दिसते ते लिहावं.

कागद फसतो तो असा: मृतदेह दिसल्याची वेळ सकाळी साडेनऊ आणि पंचनामा सुरू झाल्याची वेळ नऊ. पंच म्हणून प्रत्येक गुन्ह्यात तेच दोन रोजंदारी मजूर. सीलचा क्रमांक जप्तीनाम्यात एक आणि प्रयोगशाळेच्या पावतीवर दुसरा. यातली एक चूकही पुरते.

टीव्हीवर ‘डीएनएने गुन्हेगार पकडला’ असं दाखवतात. शिंग म्हणजे केसच ना? त्यातून डीएनए मिळतो? (जीवशास्त्राचे शिक्षक, सांगली)

मिळतो. शिंग केराटिनचं असतं, म्हणजे आपल्या नखा-केसांच्याच द्रव्याचं. गाई-म्हशींसारखा आत हाडाचा गाभा नसतो. ते नाकाच्या हाडावरच्या खडबडीत उंचवट्यावर कातडीतून वाढतं. वाढताना पेशींचे अवशेष त्यात अडकून राहतात आणि बुडाजवळ ते जास्त शाबूत असतात, म्हणून नमुना बुडाकडून घेतात.

पद्धत अशी. नवे हातमोजे, खाली स्वच्छ कागद किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल. ड्रिल मशीनला नवं किंवा ब्लीचने धुतलेलं पातं. वरचा पहिला भुसा टाकून द्यायचा, कारण त्यावर शिकाऱ्यापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या हाताची घाण असते. ड्रिल हळू फिरवायचं. जोरात फिरवलं की शिंग तापतं, जळक्या केसांचा वास येऊ लागतो, आणि तो वास आला म्हणजे आपण पुरावा भाजतोय हे समजावं. चमचाभर भुसा पुरे होतो. तो कागदी पाकिटात घालून बरोबर सिलिका जेलची पुडी ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओल अडकून बुरशी धरते. दुसऱ्या शिंगाला हात लावण्याआधी मोजे, कागद आणि पातं तिन्ही बदलायचं. एकाच पात्याने दहा शिंगं भोसकली, तर दहाही नमुन्यांत पहिल्या शिंगाचा अंश मिसळतो आणि प्रयोगशाळा सगळेच परत पाठवते.

प्रयोगशाळेत दोन वेगवेगळे प्रश्न सोडवले जातात. मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवरून जात कळते: भारतीय एकशिंगी, आफ्रिकेचा पांढरा की काळा. केंद्रकातल्या डीएनएमधल्या ठरावीक जागी अक्षरांचे छोटे गट किती वेळा पुन्हा येतात, हे मोजून एकेक गेंडा वेगळा ओळखता येतो. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टेपूर्ट इथल्या पशुवैद्यकीय जनुकशास्त्र प्रयोगशाळेने यावर ‘ऱ्होडिस’ नावाची नोंदप्रणाली उभी केली. तिची भारतीय आवृत्ती डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आहे.

बातम्यांत एक गोष्ट राहून जाते. जुळवायला दोन बाजू लागतात. विमानतळावर शिंग पकडलं, पण जंगलातल्या मृतदेहाचा नमुना कोणी घेतलाच नसेल, तर डीएनए फक्त ‘हे अमुक जातीच्या गेंड्याचं आहे’ एवढंच सांगेल. कोणाचं, कधी मारलेलं, कुठल्या गुन्ह्यातलं, यातलं काही कळणार नाही. म्हणून प्रत्येक मृतदेहाचा, नैसर्गिक मृत्यू असला तरी, कानाच्या टोकाचा किंवा नखाचा नमुना घेणं आवश्यक आहे.

ऑक्टोबर 2022 मध्ये सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दक्षिण आफ्रिकेहून लाओसला निघालेल्या प्रवाशाच्या सामानात शिंगाचे 20 तुकडे, 34.7 किलो, सापडले. तिथल्या तपासणीत ते 15 वेगवेगळ्या पांढऱ्या गेंड्यांचे निघाले. आरोपीला 24 महिन्यांची कैद झाली. ‘20 तुकडे’ या नोंदीची ‘15 गेंडे’ झाली, की विमानतळावरचा एक गुन्हा 15 मृतदेहांशी जोडायची वाट उघडते.

आसाम सरकारने 2021 मध्ये हजारो शिंगं जाळली. हा तर पुरावाच जाळला! (सेवानिवृत्त पोलीस कर्मचारी, अहिल्यानगर)

तुमच्या नोकरीचा अनुभव बोलतोय, आणि शंका रास्त आहे. पण क्रम पाहा. 22 सप्टेंबर 2021 ला बोकाखात इथे 2,479 शिंगं जाळण्याआधी सरकारी कोषागारांत पडून असलेली 2,623 शिंगं एकेक करून तपासली गेली. वजन, मापं, फोटो, डीएनएचा नमुना झाला. 94 शिंगं वारसा म्हणून राखून ठेवली, 29 चालू खटल्यांसाठी बाजूला काढली आणि 21 चक्क बनावट निघाली. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते. खटल्यातलं शिंग जाळलेलं नाही आणि जाळलेल्यांचा नमुना राखलेला आहे.

ती 21 बनावट शिंगं मात्र विचार करायला लावतात. अस्सल शिंगांच्या शेजारी ती वर्षानुवर्षं सीलबंद होती. मुद्देमाल जमा होताना फक्त ‘शिंग, नग एक’ असं लिहिलं, तर जप्तीच्या दिवशी काय हाती आलं होतं हे नंतर कोणालाच छातीठोक सांगता येत नाही.

म्हणून जमा करतानाची नोंद अशी हवी: बाहेरच्या वळणावरून टेपने मोजलेली लांबी, बुडाचा घेर, रंग, भेगा, जुने घाव आणि ग्रॅममध्ये वजन. कोणत्या काट्यावर केलं तेही. वजनाशेजारी शिंग ओलं आहे की सुकं, बुडाला कातडी किंवा मांस आहे का, हे लिहिलंच पाहिजे. ताजं शिंग सुकताना हलकं होतं. जप्तीत एक आकडा आणि सहा महिन्यांनी कोर्टात कमी आकडा आला, की ‘शिंग बदललं’ किंवा ‘कापून विकलं’ हा आरोप तयारच. दुसरा शत्रू किडा. केराटिन खाणारे भुंगेरे आणि कसर बंद पेटीत शिंगाचा भुगा करतात. सील तोडून दर काही महिन्यांनी पाहणी करायची, तर प्रत्येक वेळी सील तोडल्याचा आणि पुन्हा लावल्याचा वेगळा पंचनामा. कटकट आहे, पण दुसरा इलाज नाही.

वाड्याच्या आवराआवरीत पणजोबांच्या काळची एक काळपट वाटी मिळाली. घरात तिला ‘खड्गपात्र’ म्हणतात. ती खरंच गेंड्याच्या शिंगाची आहे का, हे घरी कसं तपासायचं? (कोल्हापूर)

नाव ऐकून शंका येणं बरोबर आहे. धर्मशास्त्रात खड्ग म्हणजे गेंडा, आणि श्राद्धकर्मात खड्गपात्राचं महत्त्व सांगितलेलं आहे. पण घरात चालत आलेल्या नावावरून वस्तू ठरत नाही.

तापवलेली सुई टोचून वास घेण्याची ‘चाचणी’ मोबाइलवर फिरते. ती करू नका. म्हशीचं शिंगही केराटिनच, त्यालाही तोच जळक्या केसांचा वास येतो. तुम्ही फक्त वस्तूला भोक पाडाल. भिंग आणि चांगला उजेड घेऊन पाहा. गेंड्याचं शिंग जाड केसांची जुडी घट्ट चिकटवावी तसं असतं. आडव्या छेदात दाट ठिपके दिसतात आणि उभ्या बाजूला समांतर बारीक रेघा. म्हशीच्या शिंगात पापुद्र्यांसारखे थर दिसतात. बांबूच्या मुळापासूनही नकला करतात. हे सगळं अंदाजापुरतं. खात्री प्रयोगशाळेतच होते.

कायद्याची बाजू अधिक महत्त्वाची. गेंडा वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अशी वस्तू वारशाने आली, तर वारसा मिळाल्यापासून 90 दिवसांत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करायची असते. मूळ मालकाकडे मालकीचं प्रमाणपत्र होतं का, हे आधी कागदपत्रांत शोधा. 2003 मध्ये नागरिकांना जुन्या वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची संधी दिली होती, त्या वेळची पोचही असू शकेल. प्रमाणपत्र असेल आणि वस्तू ठेवायची नसेल, तर 2022 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 42-अ प्रमाणे ती वनविभागाकडे सुपूर्द करता येते. मोबदला मिळत नाही. कागद काहीच नसेल, तर आधी वकिलाशी बोला, मग त्यांच्यामार्फत उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जा. तोवर विकणं, भेट देणं, ‘किंमत काढायला’ कोणाला फोटो पाठवणं, कुरिअर करणं, यातलं काहीही नको. ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 57 मुळे ताबा असणाऱ्यावर येते.

शिकारीचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे का? कोणावर विश्वास ठेवायचा? (नागपूर)

आधी एक समजून घ्या. प्रसिद्ध होणारा आकडा ‘मारले गेलेले गेंडे’ असा नसतो, ‘सापडलेले मृतदेह’ असा असतो. दाट झुडपात, पुरात, दूरच्या कोपऱ्यात मेलेला गेंडा कधीच सापडत नाही किंवा दोन वर्षांनी हाडं सापडतात. मग तो कोणत्या वर्षात धरायचा, मेल्याच्या की सापडल्याच्या? हे न सांगता दोन कार्यालयांनी आकडे दिले, की ते वेगळे येणारच. त्यात कोणी खोटं बोलत असतंच असं नाही.

दक्षिण आफ्रिकेत 2007 मध्ये 13 गेंड्यांच्या शिकारीची नोंद होती. 2014 मध्ये 1,215. 2024 मध्ये 420. हा उतार दिलासा देणारा वाटतो. पण 2023 चे 499 जरा उलगडून पाहा. क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 78, आणि क्वाझुलू-नाताल प्रांतात 325. त्यातले 307 एकट्या हलुहलुवे-इम्फोलोझी उद्यानात. क्रूगरमध्ये गेंडे कमी उरले आणि बंदोबस्त वाढला, तशी टोळ्यांनी वाट बदलली. एकच राष्ट्रीय बेरीज छापली की हे दडतं.

म्हणून जाणकार एकूण संख्येशी प्रमाण पाहतात. आफ्रिकेत 2015 मध्ये गेंड्यांच्या एकूण संख्येच्या 5.3 टक्के शिकारीत गेले, 2021 मध्ये 2.3 टक्के. आपल्याकडे आसामात 2013 आणि 2014 या दोन्ही वर्षी 27-27 गेंडे मारले गेले, 2022 मध्ये एकही नाही. त्याच वर्षीच्या गणनेत काझीरंगात 2,613 गेंडे मोजले गेले. मृतदेहांचा आकडा आणि गणना एकमेकांना पुष्टी देतात, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

पुष्टी देत नाहीत तेव्हा काय होतं, ते जावा बेटावर दिसलं. उजुंग कुलोन या एकाच उद्यानात जावन गेंडा उरला आहे. तिथे एकेक गेंडा स्वयंचलित कॅमेऱ्यांतून ओळखला जातो. अधिकृत आकडा वाढत होता, पण 2023 मध्ये एका इंडोनेशियन संस्थेने दाखवून दिलं की 18 गेंडे बराच काळ कॅमेऱ्यात आलेलेच नाहीत. पुढे पोलीस तपासात 2019 ते 2023 या काळात 26 गेंडे मारल्याची कबुली मिळाली. कॅमेरे चोरीला गेले होते, तेव्हाच खडबडून जागं व्हायला हवं होतं. जंगलात कॅमेरा चोरणाऱ्याला कॅमेरा नको असतो.

शिंगाची खरी किंमत किती? (ठाणे)

छापणार नाही. तस्करीत एक दर नसतो. कच्चं शिंग की कोरलेला मणी, आफ्रिकेतला दर की व्हिएतनाममधला, घाऊक की किरकोळ, प्रत्येक ठिकाणी वेगळा. बातमीत येणारा कोटींचा आकडा बहुधा कोणीतरी जुन्या बातमीतून उचललेला असतो. मांडूळ आणि खवले मांजराच्या बाबतीत महाराष्ट्राने याचा परिणाम पाहिला आहे. ‘आंतरराष्ट्रीय बाजारात कोटींची किंमत’ वाचून ज्यांनी कधी जंगलात पाऊल ठेवलं नव्हतं ती पोरं मांडूळ शोधायला निघाली. नग किती, वजन किती, कलम कोणतं, एवढं छापलं तरी बातमी पूर्ण होते.

परवाना घेऊन कायदेशीर शिकार होते, तर तस्करी कागदावर पकडता येते का? (विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

येते, आणि कधीकधी फक्त कागदावरच येते. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात गेंडे 1977 पासून पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे व्यापारी देवाणघेवाण बंद. दक्षिण आफ्रिकेच्या पांढऱ्या गेंड्याला 1994 मध्ये जिवंत प्राणी आणि शिकारीची स्मृतिचिन्हं एवढ्यापुरती सूट मिळाली. तस्करांना ही फट पुरली. शिकारीची हौस नसलेली, बंदूक कधी न धरलेली माणसं ‘शिकारी’ म्हणून परवान्यावर आणायची, गोळी दुसऱ्याने घालायची, फोटोत याने उभं राहायचं, आणि शिंग ‘स्मृतिचिन्ह’ म्हणून कायदेशीर निर्यात. अशा प्रकरणात एका थाई नागरिकाला नोव्हेंबर 2012 मध्ये 40 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती आधी 30 आणि 2014 मध्ये 13 वर्षांवर आली. परवान्यावरची नावं, बिलं आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा हा बनाव उघडा पडला. तपासताना पाहायचं ते हेच: एकाच पत्त्यावर किती अर्जदार, पैसे कोणी भरले, आणि भिंतीवर टांगायच्या शिंगाचं गंतव्य एखादं गोदाम का आहे.

आम्ही जोहान्सबर्गला असतो. क्रूगरला गेलं की गेंड्यांचे फोटो टाकू नका म्हणतात. आणि शिंग कापलेले गेंडे पाहून वाईट वाटतं. याचा उपयोग होतो का? (दक्षिण आफ्रिकेतील वाचक)

फोटो टाका, पण त्याच दिवशी नको आणि ठिकाणासह नको. मोबाइल फोटोच्या आत अक्षांश-रेखांश लिहून ठेवतो, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ते बंद करा. पार्श्वभूमीला रस्त्याची पाटी, पाणवठ्याचं नाव, ओळखीची टेकडी नको. विरळ गेंड्यांच्या प्रदेशात ‘इथे आज दोन दिसले’ ही माहिती टोळीची दिवसभराची पायपीट वाचवते. काझीरंगात गेंडे रस्त्यावरूनही दिसतात, त्यामुळे तिथे गेंड्याचा फोटो एवढा धोक्याचा नाही. गस्तीच्या चौक्यांचा आणि पहारेकऱ्यांच्या वाटांचा मात्र आहे.

शिंग कापण्याचा उपयोग होतो. क्रूगर परिसरातल्या 11 राखीव क्षेत्रांचा 2017 ते 2023 या काळाचा अभ्यास 2025 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. 2,284 गेंड्यांची शिंगं कापली होती, आणि कापल्यानंतर शिकार सुमारे 78 टक्क्यांनी घटली. खर्च एकूण संरक्षण खर्चाच्या 1.2 टक्के. बुडाशी थुटका राहतो आणि शिंग पुन्हा वाढतं, म्हणून दर दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. थुटक्यासाठीही गेंडे मारले गेले आहेत. आणि नोंदीच्या बाजूने एक नवं ओझं येतं: कापलेलं प्रत्येक शिंग मोजून, मायक्रोचिप घालून, नमुना घेऊन सांभाळायचं. ते नीट केलं नाही, तर जंगलातली चोरी थांबवून गोदामातल्या चोरीची सोय केल्यासारखं होतं.

घटनास्थळाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना पाठवतो. तेच कोर्टात दिले तर? (वनरक्षक, चंद्रपूर)

अडचण येईल. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली वेळ, ठिकाण, कॅमेऱ्याची माहिती पुसून टाकतं. कळवायला पाठवा, पण मूळ फाइल मूळ मोबाइलमध्ये किंवा कार्डावर तशीच राहू द्या. फोटो कापू नका, उजळवू नका, वाईट आले तेही खोडू नका. 41 नंतर एकदम 44 क्रमांकाचा फोटो आला, की मधले दोन कुठे गेले हा प्रश्न येतोच.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा समजा. एक बिंदू बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. म्हणून कार्यालयात परत आल्या आल्या, फाइल कुठेही हलवण्याआधी हॅश काढून घ्या आणि तो स्टेशन डायरीत हाताने लिहा. मोबाइलचं घड्याळ बरोबर आहे का, ते निघतानाच पाहून घ्या.

फेसबुकवर एकाने ‘गेंड्याचं शिंग, अर्जंट विकणे’ अशी पोस्ट टाकली आहे. गिऱ्हाईक बनून त्याला जाळ्यात ओढू का? (नाशिक)

नाही. शिंग खोटं असेल तर तुमचे पैसे जातील, खरं असेल तर तुम्ही खरेदीच्या बोलणीत सामील झालात असं दिसेल. त्यातून पोस्ट करणारा सावध झाला, की खाती बंद करून पसार.

पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख-वेळ आणि खात्याचं नाव दिसू द्या. पोस्टची लिंक आणि प्रोफाइलची लिंक वेगवेगळ्या कॉपी करा, कारण नाव बदललं तरी प्रोफाइलचा क्रमांक सहसा टिकतो. शिंगाचा फोटो वेगळा जतन करा. टेबलक्लॉथ, फरशी, शेजारी ठेवलेली काडेपेटी यांवरून तीच वस्तू दुसऱ्या जाहिरातीत ओळखता येते. पोस्टवर प्रतिक्रिया देऊ नका, गटांत पुढे पाठवू नका. फेसबुकला लगेच ‘रिपोर्ट’ही करू नका, पोस्ट काढून टाकली तर तपासाला काही उरत नाही. हे सगळं वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोच्या पश्चिम विभागीय कार्यालयाला, म्हणजे मुंबई विभागाला, लेखी कळवा. वनविभागाच्या 1926 या ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांकावरही कळवा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.